खाशाबा जाधव : पुन्हा दार ठोठावणारा मल्ल

शाळा-कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की क्रीडाशिक्षकांपुढे एक नकोसे काम उभे राहते. संघाची यादी करायची असते. यादी करायची म्हणजे काही नावे घालायची आणि काही गाळायची. कोणी अंगाने किरकोळ म्हणून गळतो, कोणी सरावाला दांड्या मारतो म्हणून, तर कोणी मागच्या वर्षी मैदानावर भांडण केले म्हणून. शिक्षक पाच मिनिटांत नाव खोडतात, त्या मुलाच्या मनात मात्र ती रेघ कित्येक वर्षे राहते. मग प्रश्न येतो, की खोडलेले नाव पुन्हा लिहायचे की नाही? लिहायचे तर कोणासाठी, कधी आणि कोणत्या अटीवर?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका नाही. धाराशिवच्या गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत लोक जागचे हलत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा श्री तुळजाभवानी स्टेडियमवर लोटलेली गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून जे घडले तेही सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. चिडलेल्या मल्लाने पंचावर पाय उगारला आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. कोणी म्हणाले, शिस्त म्हणजे शिस्त. कोणी म्हणाले, निर्णयच चुकीचा होता, मग पोराने काय करायचे?

काय करायचे, याचे एक उत्तर आपल्याच मातीतल्या एका मल्लाने फार पूर्वी आपल्या आयुष्यातून देऊन ठेवले आहे. म्हणून या अंकात आम्ही खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र देत आहोत. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ते पदक मिळण्याआधी त्यांचे नाव किती वेळा गाळले गेले होते आणि ते पुन्हा यादीत कसे आले, ही हकिकत तितकीशी सांगितली जात नाही.

गोळेश्वरचा मुलगा

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. घरात कुस्तीचे वारे असल्यामुळे पाचव्या वर्षापासूनच खाशाबांना वडिलांनी मातीत उतरवले. वडील हेच त्यांचे पहिले वस्ताद.

त्या काळची तालीम म्हणजे शिस्तीची शाळाच होती. पहाटे उठायचे, माती खणायची, जोर-बैठका मारायच्या, वस्तादांच्या पाया पडून हौद्यात उतरायचे आणि कुस्ती हरली तरी समोरच्याच्या हाताला हात लावूनच बाहेर यायचे. ज्याला हे जमत नसे त्याला वस्ताद माती खणायला लावत, पण तालमीबाहेर सहसा काढत नसत. शिक्षा असे, पण ती तालमीच्या चार भिंतींच्या आत असे.

खाशाबांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. सातारा जिल्हा १९४२ च्या चळवळीत पेटून उठला होता. शाळकरी वयाच्या खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोहोचवणे अशी कामे केली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. हा नवा झेंडा एक दिवस ऑलिंपिकच्या मैदानावर वर चढलेला पाहायचा, असे त्यांच्या मनाने घेतले.

पहिले दार

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे मल्लविद्येला आश्रय दिला होता. अशा गावातील कॉलेजात कुस्ती खेळणारे एकापेक्षा एक आडदांड गडी होते. खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट, अंग सडपातळ. बघणाऱ्याला हा पैलवान वाटतच नसे.

कॉलेजच्या वार्षिक स्पर्धा आल्या. खाशाबा आपले नाव द्यायला गेले आणि क्रीडाशिक्षकांनी ते घेतले नाही. आम्हांला वाटते, त्या शिक्षकांना दोष देण्याची घाई करू नये. अशक्त दिसणाऱ्या मुलाला धिप्पाड गड्यांसमोर उभे करून त्याचा हातपाय मोडला, तर जाब कोणाला विचारतील? शिक्षकांनाच. त्यांनी डोळ्यांना दिसले त्यावरून निर्णय घेतला. चूक एवढीच, की मुलाला एकदा मातीत उतरवून पाहिले नाही.

खाशाबांच्या जागी दुसरा कोणी असता तर चिडला असता, शिक्षकांची चेष्टा केली असती किंवा कुस्तीच सोडून बसला असता. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. आपल्याला एक संधी मिळावी, एवढीच त्यांची विनंती होती. खर्डेकरांनी ती ऐकली आणि त्यांना स्पर्धेत उतरू दिले. त्या स्पर्धेत खाशाबांनी आपल्याहून वजनदार दिसणाऱ्या गड्यांना एकामागून एक चीत केले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. प्राचार्यांनी खाशाबांना बक्षीस दिले नाही, सवलतही दिली नाही. त्यांनी फक्त हौद्याचे दार उघडले. बाकीचा निकाल मातीवर लागला. संधी देणे आणि निकाल देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्राचार्यांना उमगले होते.

कोल्हापुरात खाशाबांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे वस्ताद लाभले. चपळाई हे त्यांचे बळ होते. ढाक हा त्यांचा आवडता डाव. समोरचा मल्ल ताकदीचा अंदाज घेत असतानाच खाशाबांचा डाव होऊन जात असे.

लंडनचा सहावा क्रमांक

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. स्वतंत्र भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक. खाशाबांची निवड फ्लायवेट म्हणजे ५२ किलो वजनगटात झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. बावीस वर्षांचा हा तरुण आयुष्यात प्रथमच मातीऐवजी मॅटवर आणि गावच्या फडाऐवजी आंतरराष्ट्रीय नियमांखाली कुस्ती खेळणार होता.

आपल्याकडे त्या काळी कुस्ती चितपट झाल्यावर संपत असे. पाठ लागली की निकाल, मग त्याला पाच मिनिटे लागोत की तास. मॅटवरच्या कुस्तीत मात्र वेळ ठरलेली आणि गुणांचा हिशेब वेगळा. पाय घसरण्याचे गणितही निराळे. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने खाशाबांना या कुस्तीचे धडे दिले. थोड्याच दिवसांच्या शिकवणीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते हरले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले.

जगात सहावा येणे ही काही लहान गोष्ट नव्हती. पण खाशाबांनी ते अपयश मानले आणि पुढची चार वर्षे त्यांनी स्वतःला दुसरी संधी देण्यात घालवली. सरावाचे तास वाढवले आणि वजनगट बदलून बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात जाण्याची तयारी केली. त्या गटात अधिक देशांचे अधिक कसलेले मल्ल होते. सोपी वाट धरण्याऐवजी त्यांनी अवघड वाट धरली.

एका गुणाची हार

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडच्या हेलसिंकी शहरात व्हायचे होते. त्याआधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. तेथे निरंजन दास या मल्लाशी झालेल्या कुस्तीत खाशाबा एका गुणाने मागे पडले. कुस्ती आपण जिंकली होती, गुण देताना पक्षपात झाला, असे खाशाबांचे म्हणणे होते. पण निकाल लागला होता आणि त्या निकालाने त्यांचे हेलसिंकीचे दार बंद झाले होते.

अहिल्यानगरला २०२५ साली जो प्रसंग आला, तोच प्रसंग खाशाबांवर मद्रासला आला होता. चार वर्षांचे कष्ट एका गुणावर गेले होते. राग येणे साहजिक होते. खाशाबांनी तो राग पंचांवर काढला नाही. त्यांनी आपली तक्रार थेट पतियाळाच्या महाराजांपुढे मांडली. महाराज यादविंद्र सिंह हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांनी त्यांच्याकडे पद मागितले नाही, निकाल उलटा फिरवा असेही म्हटले नाही. पुन्हा कुस्ती लावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

महाराजांनी ते मान्य केले. निरंजन दास यांच्याशी पुन्हा लढत झाली आणि खाशाबांनी या वेळी गुणांचा प्रश्नच ठेवला नाही. त्यांनी दास यांना चीत केले आणि भारतीय संघात त्यांचे नाव आले.

कॉलेजात जे घडले तेच येथे मोठ्या पातळीवर घडले. गाळलेले नाव, योग्य माणसाकडे केलेली विनंती, उघडलेले दार आणि मातीवर लागलेला निकाल. दोन्ही वेळा खाशाबांना संधी मिळाली ती ओळखीने नव्हे. ज्याच्या हातात निर्णय होता त्याने पुन्हा पाहण्याची तयारी दाखवली, म्हणून मिळाली.

गहाण टाकलेले घर

निवड झाली, पण पैसा नव्हता. मल्लांनी आपला खर्च आपणच उभा करायचा, अशी तेव्हाची रीत. खाशाबांनी मुंबई राज्याच्या सरकारकडे चार हजार रुपयांची मदत मागितली. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. ती मदत वेळेवर मिळाली नाही. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. कोणी रुपया दिला, कोणी धान्य दिले. घरच्यांनीही होते नव्हते ते पुढे केले. तरी भरत नव्हते.

तेव्हा प्राचार्य खर्डेकर पुन्हा पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हाती दिले. १९५२ साली सात हजार रुपये म्हणजे सामान्य नोकरदाराची कित्येक वर्षांची कमाई होती. हे लिहिताना आम्हांला थबकायला होते. ज्या मुलाला कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्यायला मनाई झाली होती, त्याच्यासाठी त्याच कॉलेजच्या प्राचार्याने स्वतःचे छप्पर पणाला लावले. पहिली संधी देऊन ते मोकळे झाले नाहीत. जी संधी त्यांनी दिली तिची किंमतही त्यांनी भरली.

हेलसिंकीची ती अर्धी घटका

जुलै १९५२. हेलसिंकीत खाशाबांच्या वजनगटात अनेक देशांचे मल्ल उतरले होते. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पॉलिक्विनला हरवले, मेक्सिकोच्या लिओनार्दो बसुर्तोला हरवले. पदक दृष्टिपथात आले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही कुस्ती पंधरा मिनिटांहून जास्त चालली. दोघेही थकून गेले. शेवटी खाशाबा हरले. पुढे इशी यानेच सुवर्णपदक मिळवले, यावरून त्या झुंजीची जात कळेल.

मॅटवरून उतरून खाशाबा दम घेतात न घेतात, तोच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी बोलावणे आले. समोर होता सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून देण्यासाठी, मल्लाच्या वतीने दाद मागण्यासाठी तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा एकटे होते आणि परकी भाषा बोलणाऱ्या माणसांपुढे त्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. थकलेल्या अंगाने ते मॅटवर गेले आणि हरले. ममदबेयोवला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य.

कोल्हापुरात खर्डेकर होते, मद्रासनंतर पतियाळाचे महाराज होते. हेलसिंकीत कोणीच नव्हते. खाशाबांच्या आयुष्यात ज्या ज्या वेळी ऐकून घेणारे कोणी होते, त्या त्या वेळी ते जिंकले. ज्या वेळी कोणी नव्हते, त्या वेळी त्यांच्या हातून कदाचित सुवर्णच निसटले. शिस्त खेळाडूने पाळायची असते हे खरे. पण खेळाडूचा हक्क राखणे हीसुद्धा शिस्तच आहे आणि ती प्रशिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी पाळायची असते.

तरीही खाशाबांनी मॅटवर आदळआपट केली नाही. मिळालेले कांस्य त्यांनी मानाने स्वीकारले. त्या ऑलिंपिकमध्ये भारताला दोनच पदके मिळाली, एक हॉकी संघाचे सुवर्ण आणि दुसरे खाशाबांचे कांस्य. त्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला तब्बल ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटात टेनिसपटू लिअँडर पेस याने ते मिळवले.

कर्जफेड

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे वाजत होते. थोड्या वेळाची वाट त्या दिवशी कित्येक तास चालली. हारतुरे झाले, सत्कार झाले.

हारतुरे वाळल्यावर खाशाबांनी काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः त्यात उतरले, कुस्त्या जिंकल्या आणि जमलेला पैसा खर्डेकरांच्या हाती देऊन त्यांचे घर गहाणातून सोडवले. ऑलिंपिक पदकविजेता पुन्हा गावच्या मातीत उतरला तो मोठेपणा मिरवायला नव्हे, तर ऋण फेडायला.

दुसरी संधी देणाऱ्याचे मोठेपण आपण नेहमी सांगतो. ती घेणाऱ्याचे कर्तव्य मात्र विसरतो. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याचे घर सुटेपर्यंत आपले पदक आपले नाही, ही खाशाबांची समज होती. अशी समज असलेल्या मुलाला दहा वेळा संधी दिली तरी ती वाया जात नाही.

उत्तरायुष्य

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना त्यांचा गुडघा दुखावला आणि तिसऱ्या ऑलिंपिकचे स्वप्न तेथेच थांबले. पोलीस दलाच्या स्पर्धांत त्यांनी नाव मिळवले, धाकट्या खेळाडूंना शिकवले. सत्तावीस वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. बढतीसाठी त्यांना फार वाट पाहावी लागली आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी ज्योत नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. याखेरीज सरकारदरबारी त्यांची फारशी आठवण कोणाला राहिली नव्हती.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी देशाचा स्वातंत्र्यदिन होता. मृत्यूनंतर मान मिळू लागले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मिळाला, २००१ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. ज्याने आयुष्यभर दोनदा दार ठोठावले, त्याच्या नावाचे दार देशाने फार उशिरा उघडले.

दुसरी संधी कोणाला?

संधी द्यावी हे सगळेच म्हणतात. पण कशी द्यावी, यात पुष्कळ फरक आहे. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचे वेड मोठे आहे. तेथील नोत्र दाम या कॅथोलिक विद्यापीठात नूट रॉकने नावाचे नामांकित प्रशिक्षक होते. त्यांच्या संघात जॉर्ज गिप हा विलक्षण गुणी खेळाडू होता, पण वर्गात बसण्याचे नाव नको. १९२० च्या वसंत ऋतूत वर्ग बुडवल्याबद्दल विद्यापीठाने त्याला काढून टाकले. त्याच्या बाजूने बरीच रदबदली झाली आणि काही आठवड्यांतच त्याला परत घेतले गेले. त्या मोसमात संघ एकही सामना हरला नाही. गिप मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घशाच्या संसर्गाने व न्युमोनियाने आजारी पडून वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. त्याची आठवण तेथे आजही काढतात.

गिपला परत घेतले ते त्याच्यात काही बदल दिसला म्हणून, की संघाला त्याची गरज होती म्हणून? हा प्रश्न तेथील लोकही विचारत आले आहेत. जो मुलगा सामने जिंकून देतो त्याला दुसरी, तिसरी, चौथी संधी सहज मिळते. जो बाकावर बसतो त्याला पहिलीही मिळत नाही. ही शिस्त नव्हे, हा व्यवहार झाला. इतर मुले हे बघत असतात आणि नियम कोणासाठी आहेत ते बरोबर ओळखतात.

खर्डेकरांनी खाशाबांना संधी दिली तेव्हा खाशाबा कोणीच नव्हते. त्यांच्यापासून कॉलेजला काही मिळेल याची खात्री नव्हती. संधी देणाऱ्याची खरी कसोटी अशाच वेळी लागते.

खाशाबांचे नाव गैरवर्तनामुळे गाळले गेले नव्हते, मग शिस्त मोडणाऱ्या मुलाला त्यांचे उदाहरण कसे लागू पडेल, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, लागू पडते. ज्याने चूक केली आहे त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पंचावर हात किंवा पाय उगारणाऱ्याला खेळापासून दूर ठेवलेच पाहिजे. पण शिक्षेला मुदत हवी आणि मुदत संपल्यावर हौद्याचे दार उघडे हवे. दार कायमचे बंद झाले की मुलगा सुधारण्याचे कारणच उरत नाही. आणि दार कधी बंदच झाले नाही, तर शिक्षेला अर्थ उरत नाही.

आपल्या शाळांसाठी, आपल्या घरांसाठी

या चरित्रातून आपल्या शिक्षकांनी, प्रशिक्षकांनी आणि वसतिगृहे सांभाळणाऱ्यांनी चार साध्या गोष्टी घ्याव्यात असे आम्ही सुचवू इच्छितो. पहिली, नाव गाळताना कारण त्या मुलाला समोर बसवून सांगावे. फलकावरून कळले की मनात अढी बसते. दुसरी, निर्णयावर दाद मागायची असेल तर कोणाकडे जायचे हे मुलांना आधीच माहीत असावे. खाशाबांना प्राचार्यांचे दार माहीत होते, म्हणून त्यांचा राग वाटेला लागला. ज्याला दार माहीत नसते तो भिंतीवर डोके आपटतो, नाहीतर समोरच्याला लाथ मारतो. तिसरी, शिक्षा म्हणून सामन्यातून काढले तरी सरावातून काढू नये. जुन्या वस्तादांप्रमाणे माती खणायला लावावी, पण तालमीत ठेवावे. चौथी, संधी दिल्यावर निकाल मैदानावर सोडावा. दयेने दिलेला विजय मुलाच्या उपयोगी पडत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील खो-खोपटू सारिका काळे यांची गोष्ट पाहा. भारतीय संघाचे नेतृत्व केलेल्या या मुलीला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्याच्या चार वर्षे आधी घरच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचे ठरवले होते. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. मैदान सोडून घरात बसलेल्या मुलाकडे जायलाही कोणीतरी लागते. असे जाणारे प्रशिक्षक आपल्या जिल्ह्यात आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

पालकांनाही आम्हांला एक सांगावेसे वाटते. मुलाचे नाव गाळले गेले तर शाळेत जाऊन भांडू नका आणि मुलाला बोल लावून गप्पही बसवू नका. त्याला स्वतःला जाऊन विचारू द्या. आपली बाजू नम्रपणे मांडणे ही मोठी विद्या आहे आणि ती लहानपणीच यावी लागते.

तरुण मित्रांनो, तुमचे नाव एखाद्या यादीतून गळले असेल, तर गोळेश्वरच्या त्या साडेपाच फुटी मुलाला आठवा. त्याने दार मोडले नाही, दारापुढे रडतही बसला नाही. त्याने दार पुन्हा ठोठावले आणि ते उघडेल त्या दिवसासाठी अंग तयार ठेवले. दार उघडले तेव्हा तो कमी पडला नाही. आणि जिंकून आल्यावर ज्याने दार उघडले त्याच्या घराची किल्ली त्याला परत नेऊन दिली.

येत्या महिन्यांत आपल्या शाळांतून, युवक गटांतून क्रीडा स्पर्धांच्या याद्या लागतील. त्या याद्या करणाऱ्यांनी शेवटची सही करण्याआधी गाळलेल्या नावांवरून एकदा पुन्हा नजर फिरवावी, एवढीच आमची विनंती आहे.